पोरांच्या कार्यक्रमात एकटा आजोबा

मंडळी, आज मोताळ्यात लहान मुलांसाठी जुन्या पॉप गाण्यांचा कार्यक्रम होता. मी एकटाच गेलो होतो.

बीटी कापूस नवा आला तेव्हा ही गाणी आमच्या वावरात वाजायची. वेचणीला निघताना बायको न चुकता टेप घ्यायची आणि वावराच्या कडेला धुऱ्यावरच्या बाभळीला टांगायची. आता ती नाही.

दारातल्या पोरीनं विचारलं, "आजोबा, संग लेकरू नाही?"

"आत गेलं," मी दडपून सांगितलं.

आत शेजारी बसलेल्या बाईंनी तेच काढलं, "तुमचा नातू कोनता हो?"

मी घाईत समोर नाचणाऱ्या पिवळ्या शर्टाकडे बोट केलं.

"काऊन भाऊ, तो तं माहा नातू आहे."

मी मान खाली घातली. मग त्याच म्हणाल्या, "बसा निवांत. गानं ऐकायले नातू कायले लागते?"

तेवढ्यात आमचं आवडतं गाणं लागलं. वावरात आम्ही ते वाटून म्हणायचो, एक ओळ माझी, एक तिची. आज माझी ओळ मी हळूच म्हटली आणि सवयीनं थांबलो. गाणं पुढं निघून गेलं.

तुमच्यापैकी कुणी एकटं असेल तर सांगा, दुसरी ओळ तुम्ही म्हणता का?