बूटमामांची चौथी पिढी

आमच्या बूटमामांनी आयुष्यात शेकडो फुटबॉल मॅच पाहिल्या, पण गोल बहुधा एकही पाहिला नसेल. मैदानाच्या कोपऱ्यात, निशाणाच्या काठीपासून चार हातांवर ते पोतं टाकून मांडी घालून बसत, आणि त्यांची नजर खेळाडूंच्या गुडघ्याच्या वर म्हणून जात नसे. मॅच संपली की आम्हालाच विचारायचे, "कोन जिंकलं?" आम्ही सांगितलं की मान डोलवायची आणि लगेच कामाचं बोलायचं. तुमचा डावा पाय वळताना घसरतोय. त्या उंच गड्याचा अंगठा दुखतोय, तो बाहेरच्या कडेवर पळतो. गोल कोणी केला याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. कोण किती वेळा घसरलं, ते मात्र तोंडपाठ.

मामा मूळचे इगतपुरीचे. तिथे रेल्वेतली माणसं पावसाळाभर चिखलात फुटबॉल खेळत, त्यांचे बूट शिवता शिवता मामा शिकले. पुढे नाशिकरोडला आले आणि भाजीबाजाराच्या मागे टपरी टाकली. मी त्र्याहत्तर साली एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकून लागलो आणि कारखान्याच्या टीममध्ये लेफ्ट आउट खेळू लागलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात कॅप्टनने मला मामांकडे धाडलं. कॅप्टन म्हणजे आमचे फोरमन शिंदेसाहेब. मैदानावरही ते फोरमनच असत. मामांना मूलबाळ नव्हतं. मामी आणि ते, दोघंच. तरी त्यांनी केलेल्या बुटांच्या पिढ्या मात्र आम्ही मोजायचो. पहिला बूट आजोबा, दुसरा बाप, तिसरा लेक. ही नावं आम्ही चेष्टेत ठेवली आणि मामांनी ती मनावर घेतली.

माप घ्यायची त्यांची एक रीत होती. सकाळी कोणी आलं तर परत पाठवत. संध्याकाळी, प्रॅक्टिस करून, पाय सुजल्यावर यायचं. खुर्चीत बसून माप नाही; खाकी कागदावर उभं राहायचं, सगळा भार टाकून, आणि चेंडू मारायच्या आधी उभे राहता तसं. मग ते पेन्सिलीने पावलाभोवती रेघ ओढत. दोन्ही पायांची मापं वेगळी, आणि बूट ज्यावर चढवून शिवायचा ते लाकडी पाय, फर्मे, तेही वेगळे. मी एकदा म्हटलं, मामा, एकच माप घ्या की, दोन्ही पाय माझेच आहेत. त्यावर म्हणाले, "दोन पाय सख्खे नसतात भाऊ, चुलत असतात. एकाचं दुसऱ्याला चालत नाय."

आजोबा बूट मी पायात घातला आहे, म्हणून सांगतो. घोट्याच्या वर जाणारा, म्हशीच्या जाड कातड्याचा, टोकाला लाकडासारखी कडक टोपी आणि तळाला चामड्याच्या आडव्या पट्ट्या खिळ्यांनी ठोकलेल्या. कोरडा असताना जड आणि भिजला की विचारू नका. पळताना वाटे, मागून कोणीतरी पाय धरलाय. पण मामा कोपऱ्यात बसून पाहत होते. खेळाडू वळतो तो घोट्यातून, आणि आपण तोच बांधून टाकलाय, हे त्यांना उमगलं. त्यांनी रापी घेतली आणि बुटाचा वरचा भाग कापून टाकला. हा बाप. त्याला पट्ट्यांऐवजी चामड्याचे थर चिकटवून केलेले गोल स्टड होते, एका बुटाला सहा. हे स्टड खिळ्यांनीच ठोकलेले असत, आणि झिजले की खिळ्याचं टोक आत पायाला लागे. म्हणून बूट देण्याआधी मामा आत हात घालून तळवा बोटांनी चाचपायचे. त्यांच्या बोटांच्या टोकांवर कायम बारीक खपल्या असत. आम्हाला खिळे लागत नसत, कारण ते त्यांना आधी लागलेले असत.

लेक सर्वांत देखणा. कोणीतरी परदेशी मासिकातलं बुटाचं चित्र आणून दिलं होतं. मामांनी ते वर्षभर टपरीत डोळ्यांसमोर चिकटवून ठेवलं. मग बकऱ्याचं मऊ कातडं आणलं, आणि ते ताणून सैल होऊ नये म्हणून वर उभ्या-आडव्या टाक्यांच्या रांगा घातल्या. लांब जीभ केली, ती नाडीवर दुमडायची. टोकाची टोपी काढूनच टाकली. शिंदेसाहेब भडकले, म्हणाले टोक नसेल तर मारायचं कशाने? मामा शांतपणे म्हणाले, "टोकानं मारायचे दिस गेले साहेब. आता पायाला चेंडू कळला पायजे." पहिल्या दिवशी तो बूट घालून मी चेंडू पायावर घेतला आणि मला खरोखर तो कळला. त्या वर्षी मी जन्मातला सगळ्यात चांगला खेळ केला. त्यातला निम्मा मामांचा होता, हे मी तेव्हा सगळ्यांना सांगत फिरायचो. चांगलं सांगायला माझी जीभ कधी अडली नाही.

ऐंशीच्या पुढे दुकानांत तयार बूट मिळू लागले. साच्यातला रबरी सोल, स्टड त्यातच ओतलेले, खिळा नाही, काही नाही. शिंदेसाहेबांनी सगळ्या टीमसाठी तेच घ्यायचं मनात आणलं. मामा तसला एक बूट मागून घेऊन गेले आणि चार दिवस उलटासुलटा करत बसले. मग सातपूरला रबराचे सुटे भाग बनवणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडे त्यांनी स्वतःच्या अकलेने साचा करून घेतला. त्यात दोन वर्षं गेली. पहिले सोल तडकले, दुसरे वाकेनात. तिसऱ्या खेपेला जमलं. वर लेकाचं मऊ कातडं, खाली रबरी सोल, दोन्ही सोल्यूशनने जोडलेलं. हा नातू. मी शिंदेसाहेबांच्या मागे लागलो, आणि ते एकदाचे कबूल झाले: या मोसमात नातू टिकला तर दरवर्षी आमच्या टीमचे बूट मामांकडे, आणि आणखी दोन कारखान्यांनाही तेच सांगतील. नाही टिकला तर दुकान. मामींनी मला चहा देताना सांगितलं, हे जमलं तर ह्यांचं चपला शिवणं सुटेल. मामा साठीला आले होते आणि नजर उतरली होती. हा त्यांचा शेवटचा डाव आहे, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

चिकटवलेला बूट आत फर्मा ठेवून, दोरीने आवळून, सावलीत आठ दिवस ठेवायचा, पावसाळ्यात बारा, हा मामांचा नेम. त्याआधी फर्मा काढला तर वरून बूट पक्का दिसतो, आतून ओला असतो. ते म्हणायचे, पाहणाऱ्याला हे कळत नाही, पळणाऱ्याला कळतं. अकरा जोड चिकटवले तेव्हा मोसमातली पहिली स्पर्धा, इगतपुरीची, दोन आठवड्यांवर होती, म्हणजे वेळ बेताचा पण पुरेसा होता. आणि स्पर्धा आठवडाभर अलीकडे आली.

शनिवारी मी टपरीवर गेलो. अकरा जोड ओळीने आवळून ठेवले होते, त्यांना पाच दिवस झाले होते. मामा म्हणाले, देणार नाही, जुने घाला. मी म्हटलं, मामा, उद्या साहेबांपुढे बूट नसले तर ते दुकानात जातील, दोन वर्षांची मेहनत पाण्यात जाईल. त्यांनी एका जोडाची दोरी आणखी आवळली. मग मी म्हटलं, असं करू, नुसते दाखवतो. साहेबांना सांगतो की मामांनी बूट केलेत, पण अजून कच्चे आहेत. उद्याची मॅच जुन्यांवर खेळू, पुढच्या रविवारी हे घालू. मामांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. तोंडाकडे पाहिलं, ही त्यांची सवय नव्हती. "दाखवा," ते म्हणाले. "पन कोनी पाय घालायचा नाय. इगतपुरीचं पानी मला ठाव हाय." मग एकेक दोरी सोडली आणि फर्मे काढले. उद्या येता ना, म्हणून विचारलं, तर म्हणाले, नातू पळणार नसेल तर मी कशाला येऊ.

आता ऐका मी काय केलं ते. रविवारी इगतपुरीला मैदानाच्या कडेला पोतं सोडलं आणि बूट बाहेर काढले. काळेभोर, चकचकीत, पावसाने अंधारलेल्या त्या सकाळी ते असे दिसत होते की सगळी टीम त्यांच्यावर तुटून पडली. शिंदेसाहेबांनी स्वतःचा जोड हातात घेऊन वाकवला आणि, माणूस कधी कोणाचं कौतुक न करणारा, माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, तुझ्या मामांनी करून दाखवलं. मला बोलायचं होतं. दोनच शब्द होते, कच्चे आहेत. पण त्या थापेचा मला मोह झाला, आणि वाटलं, एका मॅचने काय होतंय. बघता बघता नाड्या बांधून झाल्या. मीही बांधल्या.

मध्यंतरापर्यंत काही झालं नाही. मी मनात मामांना हसलोसुद्धा, उगाच घाबरतात म्हणून. मग मैदानावर पाणी साचलं. आधी एकाच्या बुटाची पुढची कड उघडली, मग दुसऱ्याच्या. रघू आमचा बॅक, तेवीस वर्षांचा, मशीन शॉपमधला. तो चेंडू अडवायला पूर्ण वेगाने आला आणि वळला. उजव्या बुटाचा सोल चिखलात तसाच राहिला आणि रघू पुढे गेला. पायाचं हाड मोडल्याचा आवाज मी पंधरा पावलांवरून ऐकला. त्या आवाजाबद्दल मी याहून जास्त लिहू शकत नाही.

सोमवारी संध्याकाळी शिंदेसाहेब पाच-सहा जणांना घेऊन टपरीवर गेले. मीही होतो. त्यांनी पोतं मामांच्या पुढ्यात उलटं केलं. सुटलेले सोल, फाटकी टोकं, सगळा चिखल. म्हणाले, तुम्ही आम्हाला फसवलंत, कसलं हलकं सोल्यूशन वापरलंत, एका पोराचा पाय गेला. मामांनी त्या ढिगातला एक सोल उचलून कडेवरून बोट फिरवलं. मग त्यांनी मान वर केली आणि एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी तिथे, सगळ्यांसमोर, बोलू शकलो असतो. मी माझ्या चपलेच्या अंगठ्याकडे पाहत राहिलो. मग मामांचा आवाज आला, "चूक झाली साहेब." बाकी काही नाही. माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर मी कदाचित नाकारलंही असतं, आणि त्यांना ते कळलं असावं.

त्यानंतर मामांनी फुटबॉलचा बूट केला नाही. महिनाभराने मी धीर करून गेलो तेव्हा साचा भंगारात गेला होता. मामी आत होत्या, बाहेर आल्या नाहीत. मामा हसल्यासारखं करून म्हणाले, "आमच्याकडं उलटं झालं भाऊ. आजा, बाप सगळे म्हातारे होऊन गेले, आन् नातू जन्मताच गेला." टीमने दुकानातले बूट घेतले. मीही घेतले. एकदा मी मैदानावरून येत असताना त्यांनी मला हाक मारली, माझा बूट मागून घेतला, सोल वाकवून पाहिला, कडेवरून नख फिरवलं आणि परत दिला. म्हणाले, चांगला आहे, साचा माझ्यापेक्षा सफाईचा आहे. ते खरंच बोलत होते, कामाच्या बाबतीत त्यांना खोटं बोलता येत नसे. मला त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

रघूचा पाय जुळला, पण दीड बोट आखूड राहिला. मशीन शॉपमधून त्याला गेटवर बसवलं. मामा दर सहा महिन्यांनी त्याच्या घरी जात, दारातच माप घेत आणि उंच टाचेचा उजवा बूट करून देत. रघू त्यांना बसायलाही सांगत नसे. बूट घेई आणि दार लावून घेई. हे मला रघूनेच सांगितलं, मोठ्या फुशारकीने, आणि मी तेही ऐकून घेतलं.

पाच वर्षं मी असाच राहिलो. मामांची टपरी गेली, ते नाशिकरोडच्या बस स्टँडबाहेर छत्रीखाली चपला शिवत बसू लागले. मी लांबून वळसा घालून जात असे. सत्त्याऐंशीच्या थंडीत एक दिवस माझ्या चपलेचा अंगठा तुटला तो नेमका तिथेच. पाय ओढत त्यांच्या पुढ्यात जाऊन बसलो. ते फार वाळले होते. सुईत दोरा ओवायला दोनदा चुकले. मी ओवून दिला, आणि एकदम बोललो. म्हटलं, मामा, त्या दिवशी तुमचा निरोप मी कोणाला सांगितलाच नव्हता. साहेबांना माहीतच नव्हतं बूट कच्चे आहेत ते. चूक माझी होती.

खरं सांगतो, मला वाटलं होतं ते म्हणतील, जाऊ द्या भाऊ, झालं गेलं. इतकी वर्षं मनाशी घोकत होतो, आणि प्रत्येक वेळी माझ्या मनातले मामा मला माफ करत होते.

मामांनी टाका ओढला, दोरा दाताने तोडला, चप्पल माझ्यापुढे ठेवली. "मला ठाव हाय," ते म्हणाले. "पन हे तवाच सांगायचं व्हतं. रघूला सांगायचं व्हतं."

मग त्यांनी पुढच्या माणसाची चप्पल हातात घेतली.

पुढच्या उन्हाळ्यात मामा गेले. मला कळलं तेव्हा तिसरा दिवस उलटून गेला होता. त्याच आठवड्यात मी रघूकडे गेलो आणि सगळं सांगितलं, पहिल्यापासून. माझं बोलणं संपल्यावर त्याने आपला उजवा पाय पुढे घेतला, त्या उंच टाचेच्या बुटाची नाडी सोडली, बूट काढून मांडीवर घेतला आणि रडू लागला. "एवढी वर्षं मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही रे," तो म्हणाला. मी उठलो आणि बाहेर आलो. मला तिथे बसायला त्याने सांगितलं नव्हतं.