सात नंबरच्या मशीनवरचं जुनं पायथन

आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये महेंद्र जाधव नावाचा सहायक आहे. त्याच्यासारखा टापटिपीचा माणूस रत्नागिरीत दुसरा नसेल, आणि ही मी स्तुती करत नाही. माझं ग्रंथालय त्याच्या शेजारीच, त्यामुळे त्याचे नियम मला पाठ झालेत. चपला बाहेर, पाण्याची बाटली बाहेर, पेनड्राइव्ह तर गेटच्याही बाहेर. व्हायरस येतो म्हणे.

यंदा प्रॅक्टिकल परीक्षेच्या आदल्या दिवशी त्याने सगळ्या मशीन तपासल्या. सात नंबरवर पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा दोनदा दिसली, एक जुनं व्हर्जन आणि एक नवं. एका म्यानात दोन तलवारी कशाला, म्हणून गड्याने जुनं काढून टाकलं. दोन्ही व्हर्जन एका मशीनवर गुण्यागोविंदाने नांदतात, फक्त कुठला प्रोग्राम कशावर चालवायचा ते नीट सांगून ठेवावं लागतं, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. ते जुनं व्हर्जन तिथे टाकलं होतं त्यानेच, वैष्णवी पालशेतकरसाठी.

वैष्णवी गुहागरजवळच्या वेळणेश्वरची, इथे हॉस्टेलवर राहते. बाप मासेमारीला जातो. तिचा प्रोजेक्ट भरती-ओहोटीचा होता. तारीख घातली की खाडीच्या तोंडातून होडी कधी आत घेता येईल ते नकाशावर दिसायचं. नकाशासाठी तिने जे तयार पॅकेज घेतलं होतं ते फक्त जुन्या पायथनवर चाले. घरी कॉम्प्युटर नाही, म्हणून सगळं काम सात नंबरवरच. हे सगळं महेंद्र साफ विसरला.

परीक्षेला चिपळूणहून बाहेरचे परीक्षक आले. वैष्णवीचा नंबर पहिलाच. तिने प्रोग्राम चालू केला आणि पडद्यावर लाल ओळी आल्या. पुन्हा केला, पुन्हा लाल ओळी.

"परवापर्यंत चालत होता, सर," ती म्हणाली.

"असं सगळेच म्हणतात," परीक्षक म्हणाले.

महेंद्र दारात उभा होता. त्या ओळी बघताच काय झालंय ते त्याला कळलं. जुनं व्हर्जन मी काढलं, जरा वेळ द्या, परत टाकतो, एवढंच बोलायचं होतं. पण शेजारी प्राचार्य उभे आणि याचं कंत्राट मे महिन्यात संपणारं. तो गप्प राहिला. परीक्षकांनी प्रोजेक्टपुढे शून्य मांडलं, पोरगी ओढणीत तोंड लपवून रडली. मग डोळे पुसून तिने महेंद्रला विचारलं, "सर, थोडं आवरून जाऊ?" तिच्याकडे न बघताच तो "जा" म्हणाला.

बाहेरचे परीक्षक म्हणजे आमच्याकडे जावईच. दुपारी सुरमईची थाळी, निघताना पावस गावच्या हापूसची पेटी. ती गाडीत ठेवायचं काम महेंद्रचं. सगळे जेवायला गेले तेव्हा तो माझ्याकडे येऊन बसला. डबा उघडलाच नाही.

"पोरीचा काय दोष हो?" सगळं सांगून झाल्यावर तो म्हणाला. "मी तिच्या मेहनतीवर पाणी फिरवलं. वर बघ्यासारखा उभा राहिलो."

मला संताप आला. "मला काय सांगतोस? मार्क मी देतो काय? जा, सांग त्यांना."

तो गेला. पेटी डिकीत ठेवायच्या ऐवजी छातीशी धरूनच त्याने प्राचार्यांसमोर परीक्षकांना सगळं सांगितलं. प्राचार्यांचं तोंड कैरी खाल्ल्यासारखं झालं. परीक्षक मात्र भले निघाले.

"मार्क अजून पाठवलेले नाहीत," ते म्हणाले. "चालवून दाखवा, देतो."

महेंद्र धावतच लॅबमध्ये आला, मी त्याच्या मागे. त्याने नव्याच्या शेजारी जुनं व्हर्जन टाकलं, दोन्ही सुखाने चालू झाली. मग वैष्णवीचं फोल्डर उघडलं. आत काही नव्हतं. रिसायकल बिनही रिकामी. आवरून जाऊ म्हणाली होती ते हे. तरी तो शोधत राहिला, मला बघवेना.

परीक्षक आत येऊन खुर्चीवर बसले. महेंद्रने स्पीकर लावून वैष्णवीला फोन केला. ती गुहागरच्या गाडीत होती.

"सर, सॉरी," तीच आधी बोलली. "माझ्यामुळे तुम्हाला ऐकून घ्यावं लागलं असेल. चालतच नाय तर ठेवून काय करू, म्हणून पुसलं सगळं."

"दुसरीकडे कुठे ठेवलंयस काय गो?"

"कुठे ठेवणार, सर? पेनड्राइव्ह तुम्ही आणू देत नाय."

महेंद्र म्हणाला, "वैष्णवी, तुझा प्रोग्राम बरोबर होता. जुनं पायथन मी काढलं होतं. चूक माझी हाय."

एसटीच्या खडखडाटातून तिने विचारलं,

"तुम्हाला कधी कळलं, सर?"

खोटं बोलायला जागा होती. आत्ताच कळलं म्हणाला असता तर कोण विचारणार होतं?

"लाल ओळी आल्या तेव्हाच," महेंद्र म्हणाला.

"म्हणजे मी रडत होते तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

तिने फोन ठेवला.