आमची मधुवंती डॉक्टर नाही

आमची सून मधुवंती डॉक्टर नाही. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की आता फोन उचलला की ‘हॅलो’च्या आधी तेच तोंडात येतं. ती सार्वजनिक आरोग्याचं पदव्युत्तर शिक्षण घेत होती. दवाखाने कुठे आहेत, कुठे नाहीत, असले तरी लोक तिथे का जात नाहीत, सरकारने काय करावं, असा तो अभ्यास. ती नाडी बघत नाही की गोळ्या लिहून देत नाही. एवढी साधी गोष्ट कोलकात्यातल्या आमच्या मराठी मंडळाला समजावता समजावता माझा घसा बसला.

या घोळाचं मूळ म्हणजे चारुदत्त भावोजी. बँकेतून निवृत्त झालेले, मंडळाचे सचिव, मनाने चांगले, पण उत्साहाला आवर नाही. मधुवंतीने प्रवेश घेतला त्या वर्षी गणपतीत त्यांनी तिला स्टेजवर बोलावून शाल-श्रीफळ दिलं आणि मागच्या फलकावर चक्क ‘डॉ. मधुवंती’ छापून घेतलं. ती माइकवर म्हणाली, “काका, मी डॉक्टर नाही हो.” लोकांना तो विनय वाटला आणि टाळ्या आणखी वाढल्या! पुढच्या संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी एका हाताने वाण घेतलं आणि दुसऱ्या हाताने पिशवीतून एक्स-रे काढले. तिळगुळाचं ताट बाजूला सारून माझी सून कुणाचा तरी गुडघा ट्यूबलाइटसमोर धरून म्हणत होती, “मावशी, मला खरंच यातलं काही कळत नाही.”

बरं, डॉक्टर नाही तर नाही, पण तिची हॉस्पिटलात ओळख असेलच की! हा दुसरा ताप. पोट दुखलं तर आमची माणसं आधी डॉक्टर शोधत नाहीत, डॉक्टरला ओळखणारा माणूस शोधतात. मधुवंती कुणाला नाही म्हणत नसे. कुणाबरोबर हाडांच्या डॉक्टरकडे, कुणाबरोबर डोळ्यांच्या. ओळख कसली, ती बिचारी रांगेतच उभी राहायची.

आणि गंमत म्हणजे तिच्या प्रबंधाचा विषय नेमका हाच होता. कोलकात्याबाहेरच्या बजबज गावाच्या बाजूची माणसं जवळचं आरोग्य केंद्र सोडून थेट शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात का धाव घेतात? भर उन्हात लोकल पकडून ती तिथे जायची, चटकलीतल्या, म्हणजे तागाच्या गिरणीतल्या, कामगारांच्या घरी बसून विचारायची. सगळे एकच सांगत. केंद्रात आम्हाला कोण विचारतंय, शहरात निदान जावयाचा शेजारी कामाला आहे. घरी येऊन हे सांगताना ती डोकं धरून बसायची. म्हणायची, “आई, बजबज काय नि आपलं मंडळ काय, दुखणं एकच.”

माझी नात सायली झाली तेव्हा मधुवंतीचं हे शिक्षण एकदा सुटलं होतं. पुन्हा नाव घातलं, तर मंडळाच्या गुडघ्यांपायी आणि मोतीबिंदूंपायी प्रबंध लांबला. शेवटी विद्यापीठाने कळवलं, की आता मुदतवाढ नाही. तोंडी परीक्षा ठरल्या दिवशी दिली नाही तर नोंदणी रद्द. सगळी मेहनत पाण्यात.

त्या सकाळी ती इस्त्रीची साडी नेसून दारात चपला घालत होती आणि फोन वाजला. चारुदत्त भावोजी. त्यांच्या बायकोच्या, रजनीच्या, पोटात भयंकर कळा येत होत्या.

मधुवंती म्हणाली, “काका, तुमच्या घराजवळच सरकारी हॉस्पिटल आहे. लगेच न्या.”

“अगं, पण तिथे ओळखीचं कोण आहे? तूच ये ना!”

तिचा चेहरा पडला. तिने एक चप्पल काढली. माझं डोकंच फिरलं. मी फोन हिसकावून घेतला आणि म्हटलं, “भावोजी, रजनीला रिक्षात घाला, मी येते.” मग सुनेकडे वळले. “ती चप्पल घाल आणि नीघ. मागे वळून बघितलंस तर याद राख.”

हॉस्पिटलात तोबा गर्दी. भावोजींनी खिडकीवर टिकिट, म्हणजे आपला केसपेपर, काढलं, खिशात घातलं आणि कुणाची ओळख निघते का हे फोनवर शोधायला बाहेर आवारात गेले. एक माजी मॅनेजर, मॅनेजरांचा साडू, साडूचा कोणी भाचा. इकडे रजनी माझ्या खांद्यावर कण्हतेय आणि दारातला माणूस तिचं नाव पुकारतोय! मी हात वर केला तर तो म्हणाला, “मासीमा, टिकिट कोथाय?” टिकिट भावोजींच्या खिशात, भावोजी आवारात. नंबर गेला. मी बाहेर जाऊन त्यांच्या कानाचा फोन काढून घेतला. भर गर्दीत, मराठीत, जे तोंडाला आलं ते बोलले. मला अजिबात वाईट वाटत नाही.

आत गेलो तेव्हा रांगेतल्या एका अनोळखी बंगाली बाईने रजनीकडे बघून आम्हाला पुढे केलं. तरुण डॉक्टरने पोट तपासलं, सोनोग्राफी झाली, पित्ताशयात खडे निघाले. इंजेक्शन देऊन तिला भरती करून घेतलं. कुणीही आम्हाला ओळखत नव्हतं.

दुपारी मधुवंती परीक्षेहून थेट वॉर्डातच आली. तिला बघताच मी विचारलं,

“काय झालं?”

“झाले पास. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, तुमच्याच घरी कुणी आजारी पडलं तर ओळख न लावता रांगेत पाठवाल का? मी म्हटलं, आज सकाळीच पाठवलंय. सोबत सासूबाई आहेत.”

मला रडूच आलं. तिथेच तिला जवळ घेतलं.

संध्याकाळी घरी येऊन पाठ टेकते न टेकते तोच फोन. मंडळातल्या वृषालीताई. “सरोजवहिनी, चारुदत्त सांगत होते, मधुवंतीची ओळख म्हणून रजनीला लगेच जागा मिळाली. आमच्या यांनाही जरा दाखवायचंय हो.”

मी कपाळाला हात लावला. सकाळभर त्या फरशीवर उभी कोण होती? माझे पाय अजून ठणकत होते. आतल्या खोलीत मधुवंती सायलीला कुशीत घेऊन गाढ झोपली होती, साडीसुद्धा न बदलता. मी दार हळूच लोटलं.

“तिची कुठेही ओळख नाही,” मी म्हटलं. “उद्या सकाळी तयार राहा. टिकिट तुमच्या हातात ठेवा. मी येते सोबत.”