यॉर्क पाहून आलेला झकेरिया

झकेरिया वाक्रुळकर हा आमच्या नाटकमंडळाचा प्रॉम्प्टर. दिवसा पोस्टात कारकून, संध्याकाळी विंगेत. बत्तीस वर्षं त्याने पनवेलच्या हौशी नटांना वाक्यं पुरवली. मी राजा झालो, दारुडा झालो, दोनदा संतही झालो, आणि प्रत्येक वेळी घशाला कोरड पडली की आडून त्याचा आवाज यायचा, माझ्याहून शांत आणि माझ्याहून नेमका. टाळ्या मात्र मी घेतल्या. आज त्यातल्या निम्म्या त्याच्या ओंजळीत घालाव्यात असं वाटतं, पण तशी सोय नाही.

तो बेने इस्रायल. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहिलेले ज्यू. घरात मराठी, कालवणाला नारळाचं दूध, शनिवारी सिनेगॉग. त्यांच्या सामुदायिक प्रार्थनेला त्यांच्यातलेच दहा पुरुष लागतात. एकेकाळी पनवेलमध्ये दहा जमवायला हाकही मारावी लागत नसे. मग कोणी इस्रायलला गेलं, कोणी कॅनडाला, कोणी नुसतंच ठाण्याला. आता पेण-अलिबागहून गाडी आली तर दहा होतात. नाहीतर नऊ जण घड्याळाकडे बघत बसतात.

त्याची बायको मिरियम तीन वर्षांपूर्वी गेली. एकुलता एक मुलगा जोनाथन इंग्लंडात, यॉर्क नावाच्या जुन्या शहरात, औषधतज्ज्ञ आहे. तो पोचला तेव्हा आईला माती देऊन चार दिवस झाले होते. आईबापांसाठी मुलगा जी प्रार्थना म्हणतो तिला कद्दिश म्हणतात. अकरा महिने म्हणायची, पुढे दर वर्षी. जोनाथनने ती एकदाच म्हटली, तीही बाप ओळ ओळ सांगत होता म्हणून.

गेल्या वर्षी मुलाने तिकीट पाठवलं. झकेरिया सुकापूरला आमच्या घरी आला आणि गॅलरीतल्या खुर्चीत बसून म्हणाला, "चारू, मला तिथं बघायचं काही नाही. एकच विचारायचंय. माझ्यामागे कद्दिश म्हणशील ना, एवढंच. पण तोंडातून निघत नाही."

"मग तालीम करू," मी म्हणालो. मी जोनाथन झालो.

"जोनाथन, माझ्यामागे कद्दिश म्हणशील ना?"

"पप्पा, हे काय विचारणं झालं? म्हणेन की!"

सात-आठ वेळा आम्ही हे केलं. कुमुद, माझी बायको, आतून म्हणाली, "अहो, एकदा नाही म्हणून बघा. त्यांना कळू दे कसं लागतं ते."

"नकार कशाला घोकायचा?" मी म्हणालो. मला तो मुलगा फार छान साधला होता. या एका भूमिकेची मला आजही लाज वाटते.

झकेरिया बारा दिवस राहून आला. परतल्यावर त्याच खुर्चीत बसून त्याने मला सगळं सांगितलं.

जोनाथनने फ्रिजवर यादी लावली होती. पहिल्या दिवशी कॅथीड्रल. पुढे शहराभोवतीचा तट, ज्यावरून चालत जाता येतं. मग वरचे मजले एकमेकांवर झुकलेली खाटकांची गल्ली. नदीतली होडी. रोज एक खूण, रोज पन्नास फोटो. झकेरियाने तोंड उघडलं की मुलगा बोट दाखवायचा. "पप्पा, ती काच बघा! सहाशे वर्षांची!"

"मला आधी वाटलं, हौस आहे पोराला," झकेरिया म्हणाला. "पाचव्या दिवशी समजलं. त्याला ठाऊक होतं मी काय विचारणार ते. तो मला शहर दाखवत नव्हता रे, शहराच्या मागे लपत होता."

अकराव्या दिवशी टेकाडावरचा बुरूज. उतारावर पिवळी फुलं. पायथ्याशी एक पाटी. अकराशे नव्वद साली जमावाला भिऊन दीडशे ज्यू तिथल्या किल्ल्यात शिरले आणि धर्म सोडण्यापेक्षा त्यांनी एकमेकांच्या हातून मरण घेतलं. झकेरियाने ती पाटी दोनदा वाचली. कोकणात त्याच्या लोकांना असं कोणी कधी कोंडलं नव्हतं. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून लोक 'शनिवार तेली' म्हणाले, तेवढंच.

तिथे त्याचं वाक्य निघालं. "जोनाथन, माझ्यामागे कद्दिश म्हणशील ना?"

मुलाने फुलांकडे नजर वळवली. मग म्हणाला, "पप्पा, माझा विश्वास नाही यावर. तुमच्यासाठी खोटं कसं म्हणू?" आणि एकदम त्याचा चेहरा उजळला. "तुम्हीच म्हणा ना! मी रेकॉर्ड करतो. दर वर्षी त्या दिवशी लावीन. प्रॉमिस."

"लहानपणी गणित सुटलं की असाच दिसायचा," झकेरिया म्हणाला.

"मग तू काय केलंस?"

"म्हटली. पोरगं फोन धरून उभं होतं. दहा जण नसताना म्हणू नये ती, आणि स्वतःची तर नाहीच नाही. तरी म्हटली. शेजारी कुठलीशी टूर थांबली होती. त्यांना वाटलं गाणं आहे. संपल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या. चारू, आयुष्यात पहिल्यांदा मला टाळ्या मिळाल्या."

कुमुद पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, ती तशीच परत आत गेली.

मी म्हणालो, "मला शिकव. पाठांतर अजून शाबूत आहे माझं. मी म्हणेन."

"तू फार सुंदर म्हणशील. माझ्या पोरापेक्षा सुंदर. पण तुला त्या दहांत धरता येत नाही रे. तुझी काही चूक नाही." त्याने खिशातून चौघडी केलेला कागद काढला. "मी गेलो की एवढ्यांना फोन लाव. दहा आहेत."

मी चष्मा चढवला. "शमुएल मास्तर तर दिवाळीत वारले ना?"

"हो."

"आणि हा पेणचा?"

"मागच्या महिन्यात इस्रायलला गेला, हैफाला मुलीकडे."

"मग आठच उरतात. आणि पहिलं नाव..." पहिलं नाव झकेरिया वाक्रुळकर असं होतं, पुढे त्याच्याच घरचा नंबर.

त्याने कागद परत घेतला, लांब धरून वाचला. "दहा मोजताना स्वतःपासून सुरुवात करतो मी," तो म्हणाला. "नेहमीच."

मग कागद माझ्या हाती देऊन, चपला घालून तो जिना उतरला. नाव त्याने खोडलं नाही.