शेजारणीचं ऐकणारी फायरवॉल

मंजूषा वैरागडे रात्री कडी लावते, लावलेली कडी ओढून बघते आणि मग नवऱ्याला बघायला पाठवते. भोपाळात पिपलानीच्या क्वार्टरमध्ये राहून शैलेंद्रने या स्वभावाशी केव्हाच तह केलाय. तो उठतो, कडीला हात लावून येतो, झोपतो.

पण हाच स्वभाव तिला नोकरीत फळला. भोपाळमधल्या एका पॅथॉलॉजी कंपनीचं सगळं नेटवर्क ती सांभाळते. रक्त बरखेड्याच्या नाहीतर सोनागिरीच्या केंद्रात घ्यायचं, तपासायचं मोठ्या लॅबमध्ये, आणि रिपोर्ट परत त्या त्या केंद्राच्या कॉम्प्युटरवर पाठवायचा. प्रत्येक ठिकाणी तिने फायरवॉल बसवलेली. म्हणजे नेटवर्कच्या दारातली राखणदारीण: ओळखीच्याला आत घ्यायचं, बाकीच्यांना हाकलायचं. नोकरीवर नवीन कोणी आलं की मंजूषा पहिल्याच दिवशी सांगते, "इथे विश्वास नाही ठेवायचा कुणावर. विश्वास गेला पानिपतात."

कुठली माहिती कुठल्या लाइनने जायची, हेही तिने प्रत्येक फायरवॉलमध्ये स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेलं. प्रत्येक केंद्राला लाइनी दोन. पण एक तुटली की दुसरीकडे वळवायला मंजूषाच लागायची. आणि भोपाळात लाइन तुटायला निमित्त लागत नाही. आज नाली खोदतायत, उद्या पाण्याचा पाइप टाकतायत. मग तिचा फोन वाजायचा आणि ती असेल तिथून उठायची. एकुलत्या एका लेकीच्या, जुईच्या हळदीलासुद्धा ती ओल्या हळदीच्या हातांनी लॅपटॉप बडवत बसली होती. पाहुण्यांना केवढं कौतुक! बाईवाचून कंपनीचं पान हलत नाही म्हणे. खरं सांगायचं तर मंजूषालाही ते आवडायचं.

जुई नागपूरला दिली. तिला दिवस राहिले, तसं मंजूषाने डिंक, अळीव, खारका आणून ठेवल्या. पहिलं बाळंतपण माहेरी, यात विचारायचं काय? सातव्या महिन्यात जुईचाच फोन आला.

"आई, मी इकडेच राहीन म्हणते. सासूबाई घरी असतात."

"म्हणजे मी नसते?"

"असतेस गं," जुई शांतपणे म्हणाली. "फोन वाजेपर्यंत असतेस."

भांडली असती तर बरं झालं असतं. मंजूषाने फोन ठेवला, डिंकाचा डबा उगाच एका फळीवरून दुसऱ्या फळीवर ठेवला आणि ओट्याशी उभी राहून रडली. लेकीचा राग आला, मग लाइनी तोडणाऱ्यांचा, आणि सगळ्यात शेवटी स्वतःचा.

ऑफिसात तिच्या हाताखाली शमिका नावाची इंजिनिअर आहे. भोपाळातच वाढलेली, तिचं मराठी वाक्य हिंदीच्या गल्लीतून फिरून येतं. वर्षभर ती एकच सांगत होती, "ताई, डायनॅमिक राऊटिंग चालू करून घेऊ या ना. फायरवॉल एकमेकींना खुद सांगतील, कुठला रस्ता चालू, कुठला बंद. आपल्याला उठायची जरूरतच नाही."

"आणि एखादीने खोटं सांगितलं तर?" मंजूषा दर वेळी विचारायची. "राखणदारणीने शेजारणीचं ऐकून रस्ते बदलायचे? मग राखण कसली, ती तर चहाडखोरांची पंचायत."

जुईच्या फोनच्या दुसऱ्या दिवशी मात्र ती म्हणाली, "चल, करू." शमिकाने लगेच खुर्ची ओढली.

सुरुवातीलाच फजिती झाली. दोघींनी सगळं चालू केलं, पण फायरवॉल एकमेकींशी बोलेचनात. बराच वेळ डोकं खाजवल्यावर उलगडलं: जे सांगितलं नाही ते अडवा, हा मंजूषाचाच जुना नियम. त्यापायी फायरवॉल एकमेकींचा नमस्कारच दारात अडवत होत्या. शमिका तोंड फिरवून हसली. मंजूषाने नमस्काराला वाट दिली, पण परवलीचा शब्द लावून. ऐकायचं तर शेजारणीचं, पण ती शेजारीणच आहे हे पटल्यावर.

मग दुसरं विघ्न. सोनागिरीहून रिपोर्टची मागणी एका लाइनने लॅबमध्ये जाई आणि उत्तर दुसऱ्या लाइनने परत निघे. त्या दुसऱ्या लाइनवर फायरवॉलने जाणारी मागणी पाहिलेलीच नसे. येणारं उत्तर तिला उपरं वाटे आणि ती ते फेकून देई.

"ताई, ती तपासणीच बंद करून टाकू. एका मिनटाचं काम आहे," शमिका म्हणाली.

"अजिबात नाही. दोन्ही बाजूंना सांग, पहिली लाइन स्वस्त धर, दुसरी महाग. म्हणजे जाणं-येणं एकाच वाटेने होईल. पहिली तुटली तरच दुसरी."

शमिकाने वाद घातला, मग करून पाहिलं, आणि जमलं. मंजूषाने स्वतः एका लाइनची वायर उपटली. कॉम्प्युटरचा पडदा क्षणभर थबकला आणि रिपोर्ट दुसऱ्या वाटेने येऊ लागले. मंजूषाला हायसं वाटलं आणि थोडं लागलंही. इतकी वर्षं ज्यासाठी आपण ताटावरून उठलो, ते काम फायरवॉलच्या डब्यांनी आपसांत बोलून उरकलं होतं.

तिने जुईला फोन केला. "मी बंदोबस्त केलाय. ये तू."

"बाबा आहेत, म्हणून येते," जुई म्हणाली. शैलेंद्र जाऊन तिला घेऊन आला.

दिवस भरले. एका दुपारी जुईला कळा सुरू झाल्या. घराजवळच्याच नर्सिंग होममध्ये नर्सने मंजूषाला लेकीपाशी थांबू दिलं. कळ आली की जुई आईचा हात धरायची, इतका घट्ट की बांगड्या रुतायच्या. मंजूषाला ते रुतणंही गोड वाटत होतं.

तेवढ्यात फोन वाजला.

जुईने हात सोडला. आईकडे न बघता, आपणहून. पलंग भिंतीला लागून होता; आईला निघायला जागा व्हावी म्हणून तिने पायसुद्धा आखडून घेतले.

फोन शमिकाचा होता. "ताई, बरखेड्याची लाइन कटली, पण आपल्याला काही करायचं नाहीये! अपने आप दुसरीवर गेली. रिपोर्ट चाललेत. खुशखबर म्हणून सांगितलं. जुई कैसी है?"

मंजूषाने फोन बंद करून पिशवीत टाकला. "जायचं नाहीये मला," ती म्हणाली.

"बरं," जुई म्हणाली. तिची नजर दारावर होती.

वायर उपटून मंजूषाने सगळं तपासलं होतं. आपल्या लेकीला आपल्या जाण्याची इतकी सवय झालीय, हे तिने कधी तपासलंच नव्हतं. तिने हात पुढे केला.

पुढची कळ आली तेव्हा जुईने पलंगाची दांडी धरली. मंजूषा तशीच हात पुढे करून उभी राहिली. त्याच्या पुढच्या कळेला जुईने तो हात धरला.