ऑन्टींचं माहेर

सिंगापूरच्या क्लेमेंटी भागातल्या एका फ्लॅटमध्ये आम्ही दोघी भाड्याने राहायचो. मी नागपूरची, ती उत्तर चीनमधल्या एका खेड्यातली. दोघींचं संशोधन एकाच विद्यापीठात, पण विभाग वेगळे, त्यामुळे भेट व्हायची ती स्वयंपाकघरात. दोन हजार चार किंवा पाच साल असेल. तिने आपल्या आईला काही दिवसांसाठी तिकडे बोलावून घेतलं. मी त्यांना ऑन्टी म्हणायचे.

ऑन्टींना इंग्रजी येत नव्हतं आणि मला चिनी. तरी आमचं छान जमलं. मुलगी लॅबला गेली की त्या खाली जाऊन भाजी आणायच्या आणि खिडकीबाहेरच्या बांबूवर स्वतःच्या कपड्यांबरोबर माझेही वाळत घालायच्या. एकदा मी मिरचीचा ठेचा करत होते. ठसक्याने मी खोकत होते, आणि ऑन्टी जवळ येऊन चक्क वास घेत उभ्या राहिल्या. मग बोटाने चाखून पाहिलं आणि भाताबरोबर खायलाच बसल्या. संध्याकाळी मैत्रिणीला सांगितलं तर तिला खरं वाटेना.

"आमच्या गावात तिखट कुणी तोंडात घालत नाही. आई खाते हे मला माहीतच नव्हतं."

पुढे एका शनिवारी दुपारी विद्यापीठाच्या फिल्म क्लबने एक चिनी सिनेमा ठेवला. पोस्टरवर डोंगर होते आणि वाऱ्यावर उडणारी लाल ओढणी. खेड्यातल्या लग्नाची काहीतरी गोष्ट असेल, आईला भाषा कळेल, म्हणून मैत्रीण आम्हा दोघींना घेऊन गेली.

गोष्ट लग्नाचीच होती. शिवणकाम करणाऱ्या एका मुलीला कामाचं आमिष दाखवून लांबच्या खेड्यात नेतात आणि तिथल्या एका घराला बायको म्हणून विकतात. ती पळते, गाव तिला परत आणतं, आणि सासू तिला धान्याच्या खोलीत कोंडते. माझ्या पुढची एक विद्यार्थिनी मुसमुसत होती. ऑन्टी मात्र हात मांडीवर ठेवून शेवटपर्यंत सरळ बसून होत्या.

बाहेर बसस्टॉपवर मैत्रीण आईला म्हणाली, "असला सिनेमा असेल असं वाटलं नव्हतं." ऑन्टी अगदी साध्या आवाजात काहीतरी बोलल्या. मैत्रिणीने सवयीने माझ्यासाठी भाषांतर केलं, "आई म्हणते, त्या मुलीला कुलपात कोंडायचे. मला कधी कोंडलं नाही. गरजच नव्हती, मला परतीचा रस्ताच ठाऊक नव्हता."

वाक्य पुरं झालं तेव्हा आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं. ऑन्टी पुढेही बोलत राहिल्या, पण मैत्रिणीने भाषांतर थांबवलं होतं. आमची बस आली आणि निघून गेली. आम्ही तिथेच उभ्या होतो.

पुढचं मला दुसऱ्या दिवशी मैत्रिणीकडून कळलं. ऑन्टी मूळच्या दक्षिणेकडच्या, तिखट खाणाऱ्या डोंगराळ भागातल्या. ओळखीच्याच एका बाईने सूतगिरणीत काम देते म्हणून त्यांना गाडीत बसवलं. उतरल्या तेव्हा आसपासची बोलीही कळत नव्हती. त्या बाईने त्यांना एका शेतकऱ्याच्या घरी सोडलं आणि ती गेली ती गेलीच. तो शेतकरी म्हणजे माझ्या मैत्रिणीचा बाप. गावात हे सगळ्यांना माहीत होतं. फक्त तिला सांगितलं होतं की आईचे आईवडील केव्हाच वारले.

"आणि ते जिवंत होते?" मी विचारलं.

"आजी होती. आई घरातून निघाली तेव्हा ती शेतात होती. आईने लांबूनच हाक मारून जाते म्हणून सांगितलं."

मैत्रीण झपाटल्यासारखी झाली. आपण तुझ्या गावाला जाऊ, असं तिने आईच्या मागे टुमणं लावलं. ऑन्टी मान हलवायच्या. "दारात उभी राहून काय सांगू?" एवढंच म्हणायच्या. पण परत जायच्या आधी त्यांनी गावाचं नाव सांगितलं. पुढच्या चिनी नव्या वर्षाच्या सुट्टीत मायलेकी तिकडे गेल्या.

मैत्रीण परतली ती पार उतरलेल्या चेहऱ्याने. घर सापडलं होतं. मामाही भेटला. आजी मात्र नव्हती, ती जाऊनही बरीच वर्षं झाली होती. त्याहून वाईट वेगळंच होतं. पोरगी कुणाचा तरी हात धरून पळाली, असं त्या फसवणाऱ्या बाईनेच गावात पसरवलं होतं. आजीने ते खरं मानलं. लाजेपायी तिने कुणाला शोधायला पाठवलं नाही आणि घरात लेकीचं नाव काढायचीही बंदी केली.

"आईला भावाशी तिच्या बोलीत बोलायचं होतं," मैत्रीण म्हणाली. "पण तोंडातून आमच्याकडचेच शब्द यायचे. मामी माझ्याकडे बघून म्हणाली, या पाहुण्या काय म्हणतायत? आई थडग्यापाशी गेली आणि मी पळाले नव्हते, मी पळाले नव्हते, असं म्हणत राहिली. ते मात्र तिला तिच्या बोलीत सांगता आलं."

मी तिचा हात धरला. निदान खरं काय ते मामाला कळलं, असं काहीतरी मी बोलले.

"हो. पण इतकी वर्षं आईच्या मनात आजी जिवंत होती. रोज काहीतरी करत होती, म्हातारी होत होती. मी तिला तिथे नेलं आणि ते संपवलं."



मामाने ऑन्टींना राहायचा खूप आग्रह केला. त्या राहिल्या नाहीत, नवऱ्याकडे परत गेल्या. त्याला दम्याचा त्रास होता, स्वतःपुरता स्वयंपाकही करता येत नव्हता. मैत्रीण त्यावरून आईशी फोनवर भांडली आणि बापाशी तिने बोलणंच सोडलं. "मी आई सोडून सगळ्यांना दोष देते, आणि आई कुणालाच देत नाही," असं ती एकदा म्हणाली.

पुढे माझी नोकरी बदलली आणि मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, मरीन परेडला राहायला गेले. अधूनमधून फोन व्हायचा. एकदा तिने सांगितलं की बाप गेला. शेवटच्या दिवसांत तो सारखा तिची आठवण काढत होता. आईने फोन त्याच्या कानाशी धरला होता, पण ही काहीच बोलली नाही.

"मला त्याला विचारायचं होतं," ती म्हणाली, "आई पहिल्यांदा दारात आली तेव्हा तिच्या तोंडाकडे बघून तुला काहीच कसं वाटलं नाही? पण त्याचा धाप लागलेला श्वास ऐकू येत होता, त्यामुळे मी विचारलं नाही. आता वाटतं, विचारायला हवं होतं. नाहीतर काहीतरी चांगलं तरी बोलायला हवं होतं."

ऑन्टी आता काय करणार, मी विचारलं.

"तिथेच राहणार. शेजारणी आहेत, कोबी लावलाय. सिंगापूरला ये म्हटलं तर म्हणते, आता नवं गाव नको."