कर्णिकबाईंचा कप

कान तुटलेल्या एका थोराड कपात कर्णिकबाई तपकिरी साखर भरत, अंगठ्याने दाबत, पुन्हा भरत आणि कप पातेल्यात पालथा घालत. मूद पडली की आम्हा सहाजणींवरून नजर फिरवून म्हणत, "याला म्हणतात ब्राऊन शुगर. विलायतेहून येते. तुमच्या रेशनच्या साखरेला हा गुण कुठला?" स्वतः बाई भायखळ्याच्या पलीकडे गेल्या नव्हत्या. यजमान एका गोऱ्या साहेबाच्या कचेरीत कारकून होते, तेवढ्या भांडवलावर डोंबिवलीत त्यांचं मडमपण चालून गेलं.

दर मंगळवारी दुपारी त्यांच्याकडे केकचा वर्ग असे. वहीत लिहून देत : मैदा पावशेर, अंडी चार, शुगर एक कप. शुगर आमच्याकडे कुठली! आम्ही घरची साखर कपभर घालायचो आणि केक फिका, भाकरीसारखा घट्ट व्हायचा. बाईंचं उत्तर ठरलेलं, "कृती मिळते गं, हात मिळत नाही."

आमच्यात वत्सला होती. नवऱ्याने टाकलेली, भावाकडे राहणारी. भावजयीने तिला दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. ठाण्याच्या एका मुलींच्या शाळेत पाककलेला बाई हवी होती आणि मुख्याध्यापिका तिच्या हातचा केक खाऊन काय ते ठरवणार होत्या. वत्सलाने बाईंकडे कपभर शुगर मागितली. बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "गुळाच्या चहावर वाढलेल्या हातांना ही सोसायची नाही. तू आपली नानकटाई कर."

वत्सला कसनुसं हसली. मी बाईंचा कप विसळायच्या निमित्ताने मोरीवर नेला. मला सगळं मोजून लिहून ठेवायची सवय. चहाच्या कपाने त्यात पाणी ओतलं, तर दोन कप मावले! ज्याला बाई कप म्हणत होत्या तो आमचे दोन कप होता, आणि त्यावर त्यांनी वर्षभर आमचे हात नासके ठरवले होते. हे मुद्दाम केलं की अडाणीपणाने, हे मी अजून ठरवलेलं नाही. दोन्हींची लायकी सारखीच.

दुसऱ्या दिवशी विसरलेली वही आणायला मागच्या दाराने गेले. बाई परातीपुढे बसलेल्या. परातीत रेशनची पांढरी साखर, शेजारी काकवीची बाटली, आणि बाईंचे हात मनगटापर्यंत तपकिरी.

"साहेब विलायतेला गेला आणि शुगरचा डबा यायचा बंद झाला गं," त्या पुटपुटल्या. "कुणाला सांगू नकोस."

"छे!" म्हणाले आणि तिथून थेट वत्सलाकडे गेले.

आम्ही मोजून पाहिलं : वाटीभर साखरेला चमचाभर काकवी, हाताने चोळायची. बाईंच्या डब्यातली शुगर उन्हाळ्यात दगड व्हायची. त्या वरवंट्याने फोडत आणि वर सांगत, "अस्सल माल असाच असतो." वत्सलाने ओल टिकावी म्हणून फुटक्या माठाची खापरी भिजवून डब्यात ठेवली. आमची शेवटपर्यंत मोकळी राहिली, आणि केकात ती आम्ही चहाचे दोन कप घातली.

मुख्याध्यापिका वत्सलाकडे केक खायला आल्या, तेव्हा जाणकार म्हणून कर्णिकबाईंना घेऊन आल्या. बाईंनी तुकडा तोंडात टाकला आणि चघळायच्या थांबल्या.

"शुगर कुठून आणलीस गं?"

"तुमच्याच विलायतेहून, बाई," वत्सला म्हणाली.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी बशा गोळा करायला घेतल्या. मुख्याध्यापिका दुसरा तुकडा उचलत म्हणाल्या, "सोमवारपासून या."

वर्ग त्या महिन्यात बंद पडला. पुढे बाई मुलाकडे राहायला गेल्या. जायच्या आदल्या दिवशी तो कप माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "घे, तू मोजणारी." माफीचा एक शब्द नाही.

कप मी वत्सलाच्या शाळेत पोचवला. पहिल्या तासाला मुली त्यात पाणी मोजतात आणि वहीत पहिली ओळ लिहितात : कप म्हणजे कुणाचा, ते आधी विचारावे.